नोंद नसलेली निवृत्ती

परप्रांतात राहणारे चार मराठी अधिकारी एकत्र जमले म्हणजे बोलणे कोठूनही सुरू होवो, ते अखेर बदली किंवा निवृत्ती यांपैकी एका विषयावर येऊन ठेपते, असा आमचा भिलाईतील आठ वर्षांचा अनुभव आहे. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. तेव्हा या संभाषणात आम्हांसही रस असतो, हे लपविण्याचे कारण नाही. सरकारी नोकराच्या निवृत्तीला मोठा रेखीव इतिहास आहे. पंचावन्नची वयोमर्यादा १९६२ साली अठ्ठावन्न झाली, १९९८ साली ती साठ झाली. प्रत्येक वेळी हुकूम निघाला, त्याला क्रमांक पडला, सेवापुस्तकात नोंद झाली. निवृत्त होणाऱ्यास आपला दिवस आधीच ठाऊक असतो. हार, नारळ आणि चार शब्द त्याच्या वाट्याला येतातच.

परंतु आपल्या प्रत्येकाच्या घरात आणखी एक निवृत्ती होत असते. तिचा हुकूम निघत नाही, तारीख कळविली जात नाही आणि नोंदही कोणी ठेवीत नाही. वैद्यक तिला रजोनिवृत्ती म्हणते. घरातील बायका ‘पाळी गेली’ एवढे दोनच शब्द बोलून तो विषय मिटवितात; आणि आम्ही पुरुष तर तेवढेही ऐकत नाही. या निवृत्तीचा आणि विशेषतः तिच्या खुणा ओळखण्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. हा विषय कारकुनाच्या अधिकारातला नव्हे, असे कोणी म्हटल्यास आमची तक्रार नाही. तो आम्ही का घेतला, हे पुढे येईलच.

प्राचीनांना ही गोष्ट माहीत नव्हती असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीचे रज बाराव्या वर्षी सुरू होते व शरीर जरेने पक्व झाले म्हणजे पन्नाशीस क्षय पावते, असे स्पष्ट सांगितले आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही चाळीस ते पन्नास अशी मर्यादा नोंदविली होती. आजच्या भारतीय पाहण्यांत हे वय सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येते, तर पाश्चात्य देशांत ते एक्कावन्नच्या सुमारास असते. म्हणजे सरकारने आपली वयोमर्यादा दोनदा बदलली, पण सुश्रुताचा अंदाज इतक्या शतकांनंतरही फारसा हललेला नाही. तथापि वय सांगणे ही एक गोष्ट आणि त्या वयाच्या अलीकडे-पलीकडे स्त्रीच्या शरीरात काय घडते ते सांगणे ही दुसरी. पहिली नोंद जुनी आहे. दुसरी फार उशिरा झाली.

याची साक्ष आपल्या भाषेतच सापडते. मुलीला न्हाण आले म्हणजे पूर्वी तिला मखरात बसवीत. त्या सोहळ्याला शब्द होते, गाणी होती. दर महिन्याच्या चार दिवसांसाठी तर शब्दांची रेलचेल : कावळा शिवला, बाहेर बसली, विटाळ, अडचण. हे सारे संपण्याला मात्र नुसते ‘जाणे’. ते जाण्यापूर्वीची जी चार-सहा वर्षे असतात, त्यांना तर नावच नाही. चाळिशीत डोळे मंदावतात. त्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणून मोकळे झालो. त्याच वयात स्त्रीच्या अंगातून उठणाऱ्या भडक्याला आपण स्वतंत्र शब्द दिला नाही. ‘कानशिले तापतात’, ‘अंगातून वाफा निघतात’, असे वर्णन करून तिला वेळ मारून न्यावी लागते.

धर्माने या टप्प्याची दखल घेतली, पण आपल्या पद्धतीने. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारे ऋषिपंचमीचे व्रत वाचकांच्या परिचयाचे आहे. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हाताने लावलेली भाजी खायची, हा त्याचा नियम. आणि त्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या विटाळाच्या दोषाचे क्षालन, हा त्याचा हेतू. कहाणीत तो दोष घडल्यामुळे आई कुत्रीच्या जन्माला जाते व बाप बैलाच्या. पाळी गेलेल्या वडीलधाऱ्या बायका हे व्रत विशेष निष्ठेने करतात, असे आपण घरोघरी पाहिले आहे. जिने तीस-पस्तीस वर्षे मुलेबाळे आणि घर सांभाळले, तिच्या निवृत्तीच्या वेळी समाजाने तिच्याकडून मागील दोषांचा हिशेब मागावा आणि तिला झोप लागते की नाही हे मात्र विचारू नये, यातले वैषम्य आम्हांस अलीकडे जाणवू लागले आहे. पंचमीच्या त्या भाजीची चव मात्र अवीट असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

युरोपात या विषयाला नाव मिळाले ते फ्रान्समध्ये. द गार्दान नावाच्या डॉक्टराने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘मेनोपॉज’ हा शब्द वापरला. तेथून तो जगभर गेला. १८५७ साली लंडनचे डॉक्टर एडवर्ड टिल्ट यांनी या वयातील आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढील आवृत्त्यांत त्यांनी पाचशे स्त्रियांची माहिती जमवून शंभराहून अधिक तक्रारींची यादी दिली. त्या यादीत खरे-खोटे पुष्कळ मिसळलेले होते, तरीही स्त्रियांना विचारून त्यांचे म्हणणे लिहून घेतले गेले, हे त्या काळी थोडे नव्हते. कारण कळण्यास आणखी पाऊण शतक जावे लागले. १९२३ साली ॲलन आणि डॉइझी यांनी बीजकोशातील संप्रेरकाचा शोध लावला, १९२९ साली ते शुद्ध रूपात हाती आले आणि १९४२ साली अमेरिकेत त्याची गोळी बाजारात आली. १९५३ साली कपरमन यांनी अकरा लक्षणांचा एक तक्ता सिद्ध केला. प्रत्येक लक्षणास तीव्रतेप्रमाणे गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची, हे कोणाही कारकुनास आवडेल असे काम!

पुढचा इतिहास लंबकासारखा आहे. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन यांनी, हा केवळ संप्रेरकाच्या उणिवेचा रोग असून गोळी घेतल्यास स्त्री चिरतरुण राहते, असा गाजावाजा करणारे पुस्तक लिहिले. १९७५ साली, केवळ तेच एक संप्रेरक घेत राहिल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दिसून आले. मग दुसरे संप्रेरक जोडण्यात आले. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात या जोडगोळीने स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढतो असे आढळून तो भाग मध्येच थांबविण्यात आला, आणि जगभर लक्षावधी स्त्रियांनी भीतीने गोळ्या टाकून दिल्या. त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होते, ही गोष्ट सावकाश ध्यानात आली. साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या आणि इतर अडचण नसलेल्या स्त्रीला त्रास जाचक असेल तर या उपचाराचा लाभ धोक्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो, हे आजचे मत आहे. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी इतर औषधेही आहेत. मेंदूतील तापमानाच्या केंद्रावर काम करणारी एक नवी गोळी अमेरिकेत २०२३ साली मान्य झाली.

महाराष्ट्रात काय घडत होते? आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या व पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्याही होण्यापूर्वी, गेल्या. डॉ. रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. पुरुष डॉक्टरापुढे बोलता न येणाऱ्या बायकांना बोलण्यास जागा मिळाली ती अशा स्त्रियांमुळे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालविले. शरीराविषयी मराठीत स्पष्ट लिहिण्याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले; १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आज आम्ही हा लेख निर्वेधपणे लिहीत आहो, याचे मोल कोणीतरी आधी चुकविले आहे, एवढे येथे स्मरण करून पुढे जातो.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे माता-बाल आरोग्याच्या योजना आल्या. त्या आवश्यकच होत्या. त्या काळी देशातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. अर्थात ते बालमृत्यूंमुळे इतके खाली आले होते, पन्नाशी गाठणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. पण सरकारी नोंदवहीत स्त्री होती ती माता म्हणून. शेवटच्या मुलाला शेवटची लस टोचली की तिचे नाव वहीतून निघून जाई. आज आयुर्मान सत्तरीला पोहोचले आहे. म्हणजे पाळी गेल्यावर स्त्रीला आणखी पंचवीस-तीस वर्षे जगायचे असते. एका पूर्ण नोकरीइतका हा काळ आहे.

आता भिलाईकडे वळतो. येथील पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा दुर्ग आणि आमची अमरावती एकाच प्रांतात होती व दोघींची राजधानी नागपूर होती, हे नव्या पिढीस सांगूनही खरे वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून तरुण जोडपी येथे आली. तरुण गावाचे प्रश्नही तरुण असतात : बाळंतपणे, लसी, शाळा, मैदाने. ते गाव आता प्रौढ झाले आहे; सेक्टरांच्या रस्त्यांवरील झाडेही प्रौढ झाली आहेत. प्रौढ बायकांचे प्रश्न मात्र अजून क्वार्टरांच्या भिंतींआडच आहेत.

आमची येथे बदली झाली तेव्हा आई आमच्याबरोबर अमरावतीहून आली. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती रात्री दोन-दोनदा उठून खिडकी उघडी, पदराने मान पुशी आणि कूलरपुढे जाऊन उभी राही. भिलाईचा मे महिना ज्यास ठाऊक आहे त्यास यात काही विशेष वाटणार नाही. आम्हांसही वाटले नाही. डिसेंबर आला. आम्ही दुलईत आणि आई अंगावरचे पांघरूण फेकून घामाघूम, असे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. तरीही कारण शोधले नाही. तिची चिडचिड वाढली. गॅसवर दूध ठेवून ती विसरू लागली. छातीत धडधडते म्हणाली, तेव्हा डॉक्टरांकडे नेऊन हृदयाचा आलेख काढविला. तो निर्दोष निघाला आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढा सल्ला मिळाला. परक्या गावात हिचे मन रमत नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. एका रात्री शब्दाला शब्द वाढून आम्ही म्हणालो, “आई, तुला येथे करमत नसेल तर मामाकडे जाऊन राहा.” ती काही बोलली नाही. आठवड्याने ती गेली आणि चौदा महिने परत आली नाही.

परत आल्यावर गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आमच्या सौभाग्यवती तिला एका स्त्री-डॉक्टराकडे घेऊन गेल्या. त्या बाईंनी गुडघ्यांपूर्वी पाळीची चौकशी केली. झोप कशी आहे, अंगातून भडका उठतो का, लघवीला जळजळ होते का, असे दहा-बारा प्रश्न विचारले. आई प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेली आणि अखेरीस रडू लागली. आजवर हे तिला कोणी एकत्र विचारलेच नव्हते. कपरमनचा तक्ता १९५३ पासून अस्तित्वात होता. आमच्या घरी तो पोहोचण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला. हे आमचे कारण.

म्हणून त्या खुणा येथे सांगून ठेवतो. पाळी एकदम जात नाही. आधी तिचा क्रम बिघडतो. कधी लवकर, कधी उशिरा, कधी थोडी, कधी भरमसाट, असे काही वर्षे चालते. याच काळात छाती, मान व चेहरा यांवरून उष्णतेची लाट जाते, काही मिनिटे टिकते व मागे घाम आणि कधी थंडी ठेवून जाते. संप्रेरक घटले म्हणजे मेंदूतील तापमान राखणारे केंद्र अतिशय हळवे होते आणि उष्णता किंचित वाढली तरी घाम सोडते, हे तिचे कारण. रात्रीच्या लाटांमुळे झोप मोडते. झोप मोडल्याने विसराळूपणा, चिडचिड, उदासी. छातीत धडधड, सांधे व स्नायू दुखणे, त्वचा कोरडी पडणे, योनिमार्गाचा कोरडेपणा आणि त्यामुळे पतिसहवासात वेदना, लघवीचे वारंवार होणारे विकार, या इतर खुणा. सगळ्याच स्त्रियांना सगळे होत नाही. काहींना जवळजवळ काहीच होत नाही. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. तोवर गर्भ राहण्याचा संभव असतो. हाडे मात्र मुकाट्याने झिजतात, आणि पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने.

तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डाग असला तरी, ते ‘परत आली असेल’ म्हणून सोडू नये. तपासणी तत्काळ करावी, कारण ती कर्करोगाची पहिली खूण असू शकते. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ते नैसर्गिक समजू नये. आणि कंठग्रंथीचे विकार, रक्तक्षय व नैराश्य यांची लक्षणे अशीच दिसतात, तेव्हा सर्व काही ‘वयाचे’ म्हणून खपवू नये. छातीतील धडधडीसाठी आईच्या हृदयाची तपासणी झाली ते योग्यच झाले. चौकशी तेथेच थांबली, ही चूक.

आपल्याकडील बायकांना हा त्रास होतच नाही, असे एक मत आहे. १९७५ साली मार्शा फ्लिंट या विदुषीने राजस्थान व हिमाचलातील चारशे त्र्याऐंशी राजपूत स्त्रियांच्या अभ्यासावरून, पाळी गेल्यावर पडद्यातून सुटका होत असल्याने त्या फारशा तक्रारी सांगत नाहीत, असे लिहिले. जपानी स्त्रिया लाटांपेक्षा खांदे आखडल्याची तक्रार अधिक करतात, असे मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखविले. समाजाने दिलेल्या स्थानाचा आणि भाषेचा दुखण्यावर परिणाम होतो, हे यावरून मान्य करावे लागते. परंतु सांगितले नाही म्हणजे झाले नाही, असे मात्र मानता येत नाही. आमच्या आईनेही चार वर्षे काही सांगितले नव्हते.

या अज्ञानाची खरी किंमत मोजली ती आपल्यापेक्षा गरीब बायकांनी. २०१२ साली छत्तीसगडात उघडकीस आले, की रायपूर व इतर भागांतील काही खासगी दवाखान्यांनी कुटुंबामागे वर्षाला तीस हजार रुपयांचे संरक्षण देणाऱ्या सरकारी विमा-कार्डावर खेड्यांतील बायकांची गर्भाशये गरज नसता काढून टाकली होती. काही डॉक्टरांची नोंदणी स्थगित झाली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची तीच कथा पुढे आली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीमुळे एक दिवस खाडा झाला तर दंड, मग पिशवीच नको, असा तो हिशेब. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशा शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना, केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्या असे फर्माविले.

आमच्या क्वार्टरात धुणीभांडी करणाऱ्या बाई छत्तीस वर्षांच्या आहेत. “बच्चादानी निकलवा दी,” असे त्या सहज सांगतात, अठ्ठाविसाव्या वर्षी. अंगावर पांढरे जाते एवढ्यावरून पुढे कर्करोग होईल असे त्यांना घाबरविले होते. गर्भाशय गेले तरी बीजकोश शिल्लक असतील तर संप्रेरके काही वर्षे चालू राहतात; तेही काढले असतील तर निवृत्ती त्याच दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता येते. बाईंचे काय झाले, ते त्यांस ठाऊक नाही. कागद दवाखान्यानेच ठेवून घेतला. उन्हात भडके उठतात, कंबर धरते, असे त्या म्हणतात. आमच्या आईने त्यांना गेल्या महिन्यात त्या स्त्री-डॉक्टराकडे नेले. हाडांची व रक्ताची तपासणी व्हायची आहे.

या राज्यात २००२ पासून मितानिन नावाची योजना चालते. मितानिन म्हणजे मैत्रीण. गावातीलच एक स्त्री इतर स्त्रियांच्या आरोग्याची विचारपूस करते. पुढे देशभर ‘आशा’ आल्या त्या याच धर्तीवर. या मैत्रिणीच्या वहीत माता व बालकांच्या पानांमागे आणखी एक पान जोडावे, असे आमचे नम्र मत आहे. आणि सरकारने ते जोडेपर्यंत आपण आपल्या घरात ते जोडण्यास हरकत नाही. त्यासाठी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आई आता छप्पन्न वर्षांची आहे. गेल्या ऋषिपंचमीला तिने नेहमीप्रमाणे भाजी केली. पाने वाढून झाल्यावर आम्ही तिला प्रथमच विचारले, “आई, रात्री झोप लागली का?” तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “लागली रे. आता लागते.” मग तिने आमच्या पानात आणखी भाजी वाढली.